एकदाच पेरलेलं शेत

विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला पेशंट येतो. दरवर्षी मुलगा वेगळा, तक्रार तीच. विशी-बाविशीचा, पथकात ताशा वाजवणारा. "डॉक्टर, कानात सारखं कुंई वाजतंय. जाईल ना आपोआप?" मला आज बोलायचंय कान ऐकतो कसा यावर, पण जीव अडकलाय त्या कुंईत.

कानाचा पडदा, त्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब हे तुम्ही शाळेत पाठ केलंत, ते पुन्हा नको. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, अंगातलं सगळ्यात लहान हाड. तिनं धक्का दिला की आतल्या शंखातल्या पाण्यात लाट उठते. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र घाईत उरकतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

शंखात केसपेशी असतात. एका कानात साधारण 15 हजार. ज्वारीचं शेत डोळ्यांसमोर आणा. वारा आला की ताटं लवतात, सरला की उभी राहतात. केसपेशींच्या डोक्यावरचे तुरे लाटेबरोबर असेच लवतात, आणि ते लवले की मेंदूकडे वर्दी जाते. कुठल्या ओळी लवल्या, त्यावरून सूर कळतो. बांधाजवळच्या, म्हणजे रिकिबीकडच्या ओळी बारीक, तीक्ष्ण सुरांच्या. पार आतल्या टोकाच्या खर्जाच्या. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी ही लाट मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 1961 चं नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळालं.

आता वाऱ्याऐवजी गारपीट आली तर? ताटं मोडून आडवी होतात. शेतकरी कपाळाला हात लावतो, पण पुढल्या हंगामाला पुन्हा पेरतो. या शेतात दुसरी पेरणी नाही. कोंबडीच्या कानात केसपेशी नव्यानं उगवतात, माणसाच्या नाही. जन्माला येताना जेवढ्या आणल्या, तेवढ्याच. पुन्हा सांगतो, तेवढ्याच. आणि आपली एकराची ज्वारीसुद्धा 15 हजार ताटांहून दाट असते हो!

आधी जातात त्या बांधाकडच्या ओळी. म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येतं रे, पण कळत नाही." स, श, फ ही बारीक आवाजाची अक्षरं गळतात. सून म्हणते सात वाजता, आजोबा तयार होतात आठला. मग घरात भांडण. ताशावाल्या मुलाच्या तपासणीतही आलेख 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेला दिसतो. तो बाविसाव्या वर्षी आजोबांच्या वाटेला लागलाय आणि त्याला पत्ता नाही.

मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आवळतो, हे खरं. पण फटाका फुटला की तो आवळण्याआधीच लाट शेतात शिरलेली असते. हिशेब ऐका. 85 डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 वर आलात की जेमतेम पाव तास! आणि मिरवणूक किती तास चालते, ते मी तुम्हाला सांगायला नको. हेडफोनवाल्यांनो, तुम्ही हसू नका, तुमच्या...

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, एकच मिनिट उरलंय. केसपेशींतल्या काही आवाज स्वतः वाढवतात, ते फार मजेचं आहे, पण राहू दे. कानयंत्राचं तेवढं सांगतो. यंत्र आवाज मोठा करतं. आडवं झालेलं ताट उभं करत नाही.

पथकातल्या पोरांनो, कापसाचे बोळे घालून फारसा फरक पडत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात, ते पिळून नीट आत बसवा. पथकप्रमुखांनी ढोलाच्या दोरीबरोबर त्यांचाही खर्च धरावा. आणि मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशीही कान वाजत असेल, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू येत असेल, तर आठवडाभर वाट बघू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.