कोळशातला हायड्रोजन

भिलाईतील सेक्टर 10 ही पोलाद कारखान्याने वसविलेल्या नगरातील एक वसाहत. 1956 पर्यंत हा दुर्ग जिल्हा, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात मोडत असे. तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख काही परका नव्हे. ज्या कारखान्याच्या जिवावर येथील चुली पेटतात, त्यात रोज हायड्रोजन तयार होतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीला कोक लागतो; आणि कोक करावयाचा म्हणजे दगडी कोळसा हवाबंद भट्टीत हजार अंशांपर्यंत तापवावयाचा. त्या वेळी जो वायू निघतो, त्यात आकारमानाने निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो. डांबर, अमोनिया, बेंझॉल काढून घेतले, की हा वायू जळण म्हणून कारखान्यातच खपतो. त्यातून हायड्रोजन वेगळा काढावा, तर त्या भट्ट्यांना दुसरे जळण पुरवावे लागेल.

गंमत अशी, की याच छत्तीसगडात कोरब्याला कोळशाच्या विस्तीर्ण खाणी आहेत. परंतु तो कोळसा विजेला चालतो, कोकला चालत नाही. घरची कणगी भरलेली आणि पीठ मात्र परगावाहून आणावयाचे, अशातला हा प्रकार! म्हणूनच अशा कोळशाचे वायूकरण करण्याचा विचार पुढे येतो. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली, की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात. पहिल्यावर पुन्हा वाफेची क्रिया केली, की आणखी हायड्रोजन हाती येतो. खरे पाहता हा हायड्रोजन मुख्यतः पाण्याचा; कोळसा केवळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. त्याची किंमतही चुकवावी लागते. निव्वळ हिशेबाने 1 किलो हायड्रोजनमागे 3 किलो कार्बन खर्ची पडतो आणि 11 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. प्रत्यक्षात, उष्णतेसाठी जाळावा लागणारा कोळसा धरला, तर हा आकडा बराच वाढतो. तो वायू ठेवावयाचा कोठे, याची सोय झाल्यावाचून अशा हायड्रोजनला स्वच्छ म्हणणे धाडसाचे होईल.

दुसरी अडचण राखेची. भारतीय कोळशात ती पुष्कळदा तिसऱ्या हिश्शाहून अधिक असते. ओरिसातील तालचेर व आंध्रातील, म्हणजे आताच्या तेलंगणातील, रामागुंडम येथे 1980 मध्ये कोळशाच्या वायूपासून खत करणारे कारखाने सुरू झाले. 1999 मध्ये दोन्ही बंद पडले. रामागुंडमचा कारखाना पुढे 2021 मध्ये पुन्हा सुरू झाला, तो नैसर्गिक वायूवर. तालचेरने मात्र कोळसा सोडलेला नाही. तेथे नव्याने उभारावयाच्या कारखान्यात राखेचे प्रमाण उतरविण्यासाठी कोळशात पेट्रोलियम कोक मिसळण्याची योजना आहे.