दोघांचं घर, दोघांचं कर्ज
घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आला की फ्लॅटचंही मिटलं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण रकमेला बांधील राहतात. आपसांत काहीही ठरलेलं असो. हप्ता थकला, की सिबिल स्कोअर दोघांचाही घसरतो. म्हणून आधी बँकेत जा. घर ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का, ते विचारा. बँकेची लेखी संमती मिळाली, की हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरीचा कागद इथे पुरत नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नावही बदलून घ्या. आणि भगिनींनो, हप्ते तुमच्या खात्यातून गेले असतील, तर ती बँक स्टेटमेंट्स आजच काढून जपून ठेवा.