पिल्लांची ऊब

गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणणार असाल, तर ब्रूडर, म्हणजे बल्बची ऊब देणारी कुंपणातली जागा, आदल्या दिवशीच लावून ठेवा. गार तुसावर पिल्लू सोडू नका. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं कुंपण गोलच हवं. कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली २-३ इंच भाताचं तूस पसरा. पहिले एक-दोन दिवस त्यावर कागद घाला, म्हणजे दाणे समजून ती तूस खाणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियस ऊब ठेवा, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. पण माझा भरवसा थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर जास्त. बल्बखाली घोळका करून मोठ्यानं चिवचिवत असली तर बल्ब खाली घ्या. कडेला पळून, चोच उघडून धापा टाकत असली तर वर घ्या. सगळीकडे पांगून दाणे टिपत असली, की ऊब बरोबर आहे.

बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं टांगा. तुसात पडला तर आग लागते. वीज गेल्यावर शेगडी लावलीत, तर खोली पूर्ण बंद करू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.