नांवावरून पत्ता

मनुष्याला नांव लक्षांत राहतें. यंत्राला अंकच कळतो. इंटरनेटच्या कारभाराचें एक मोठें मर्म या भेदांत आहे. एखादी गृहिणी आपल्या बँकेचें नांव संगणकावर लिहिते. परंतु नुसत्या नांवानें तो संगणक कोठेंही पोहोंचूं शकत नाहीं. त्याला हवा असतो अंकांचा पत्ता. प्रचलित जुन्या पद्धतींत ० ते २५५ या मर्यादेंतील चार आंकडे. हा पत्ता त्याला सांगतो कोण?

आरंभीं ही गोष्ट सोपी होती. अमेरिकेंतील 'आर्पानेट' या जाळ्यांतील संगणकांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत असे. एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालीं तिच्यांत भर पडे आणि इतरेजन तिची नक्कल उतरवून घेत. पण संगणक वाढले, तशी नक्कल हातीं येईतों यादी शिळी होऊं लागली. साऱ्या परगण्याचें दप्तर एकाच कुळकर्ण्यानें किती दिवस सांभाळावें?

१९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं तोड काढली. प्रत्येकानें आपल्यापुरतें दप्तर राखावें आणि पुढें कोणाला विचारावें तेवढें सांगावें. म्हणून चौकशी नांवाच्या शेवटापासून सुरू होते. मूळ सर्व्हरला बँकेचा पत्ता ठाऊक नसतो; पण 'इन'नें संपणाऱ्या नांवांचें दप्तर कोणाकडे, हें तो सांगतो. तेथून पायरीपायरीनें बँकेच्या स्वतःच्या दप्तरापर्यंत जातां येतें. मिळालेला पत्ता कांहीं काळ जपून ठेवला जातो, त्यामुळें दर वेळीं ही पायपीट पडत नाहीं.

परंतु याच सोयींत धोका होता. जपलेल्या पत्त्यांत खोटा पत्ता किती सहज घुसवितां येतो, हें २००८ सालीं डॅन कामिन्स्की यांनीं दाखविलें. नांव अचूक लिहूनही ती गृहिणी चोराच्या दारीं जाऊन उभी राहिली असती! तातडीनें डागडुजी झाली. २०१० सालीं मूळ दप्तराच्या उत्तरांना पडताळतां येणारी सही जोडण्यांत आली. तथापि खालच्या दप्तरांनीं आपली सही केल्यावांचून आणि विचारणाऱ्यानें ती तपासल्यावांचून ही सांखळी पुरी होत नाहीं.

२०१४ सालापासून 'भारत' या अक्षरांनीं संपणारीं देवनागरी नांवेंही मिळूं लागलीं. लिपी बदलली तरी रीत तीच. श्रोत्यांनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, नांव बरोबर लिहिणें हें आपलें काम. पत्ता खरा सांगणें हें मात्र न दिसणाऱ्या अनेकांच्या इमानावर अवलंबून आहे.