रविवारची भांडी



मी बोरीवलीचा, आय. सी. कॉलनीत वाढलेला. आय. सी. म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन, पवित्र मरियेच्या नावाचं आमचं चर्च. रिक्षावाल्याला मात्र ‘आयसी’ एवढंच ठाऊक. जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्रींनी तिथं चर्च थाटलं, 1737–39 च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी बेट मराठ्यांकडे आलं, आणि आज त्या लेण्यात महादेवाची पूजा होते. देवाचं नाव घेणाऱ्यांची आमच्याकडे कधीच वानवा नव्हती. त्याचं ऐकणारे किती, ते विचारू नका.

मी माझ्यापुरतं सांगतो. आणि सांगायचं आहे ते भांड्यांबद्दल.

3 मार्च 2024. उपवासकाळातला तिसरा रविवार. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, पहिलं वाचन माझ्याकडे होतं: बायबलातल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञा. हा उतारा पूर्ण वाचता येतो किंवा थोडक्यात, दोन्हींची मुभा आहे. मला माझा आवाज आवडतो, म्हणून मी पूर्ण घेतला. आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत जी तिसरी, आणि बहुतेक प्रोटेस्टंट बांधवांच्या मोजणीत चौथी, ती विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा. लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात आम्ही ती एका ओळीत पाठ केली होती. ती एका ओळीची नाही. तू काम करू नकोस, एवढं सांगून देव थांबत नाही. तो यादीच देतो: मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरंढोरं, वेशीच्या आत राहणारा परका.

मोलकरणीपाशी माझी जीभ अडखळली. सकाळचे आठ वाजत होते, आणि त्या क्षणी आमच्या बाई आमच्याच सिंकपाशी उभ्या होत्या. आम्ही मिस्साला जातो म्हणून शेजारी किल्ली ठेवलेली असते. शनिवारी रात्रीची भांडी, त्यात मटणाचं पातेलं. गणपत पाटील नगरातून चालत येतात त्या. महिन्याला दोन सुट्ट्या, तिसरा खाडा झाला की पगारातून पैसे कापायचे, हा आमच्या मजल्यावरचा रिवाज. तो कोणी ठरवला, देव जाणे. देवानं नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

थोडक्यातला उतारा घेतला असता तर ही यादी त्यात आलीच नसती. ती नेमकी गळते.

मुंबईत रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, ते शाळेत शिकलेलं आठवून पाहा. राज्य इंग्रजांचं. साहेब रविवारी चर्चला जायचा, ऑफिसं बंद असायची, आणि गिरण्यांचे भोंगे मात्र वाजत राहायचे. आज्ञा साहेबाच्या बायबलात होती, पण गिरणीत ती पोचवली महात्मा फुल्यांच्या अनुयायानं. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 पासून त्यांनी ही मागणी लावून धरली. एप्रिल 1890 मध्ये हजारो गिरणी कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. येशूच्या गोष्टीतले दोन मुलगे मला इथं आठवतात. बाप म्हणतो, मळ्यात कामाला जा. एक ‘जातो’ म्हणून जात नाही, दुसरा ‘नाही’ म्हणून जातो. आम्ही ‘जातो’ म्हणणाऱ्यांपैकी.

तर घरी येऊन मी जाहीर केलं, बाईंना दर रविवारी सुट्टी, पगार पूर्ण. बायकोनं शांतपणे विचारलं, “आणि भांडी?”

मी पुन्हा बायबल उघडलं. यादीत गडी आहे, मोलकरीण आहे, गुरंढोरं आहेत. बायको नाही. पंडितांनी यावर पुष्कळ लिहिलंय म्हणतात. मी त्यातलं काही वाचलेलं नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात त्या जागेचा एकच अर्थ निघत होता. तेव्हापासून रविवारची भांडी मी घासतो. पहिल्या रविवारी पातेल्याच्या बुडाशी तेल तसंच राहिलं. बायकोनं ते सोमवारी बाईंना दाखवलं आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

पण खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्या रविवारी बाई लिफ्टपाशी भेटल्या. म्हटलं, अहो, आज सुट्टी ना? म्हणाल्या, “दादा, तुमच्याकडं सुट्टी. बाकी चार घरं आहेत की.”

म्हणजे माझ्या पुण्याचा त्यांना फायदा वीस मिनिटांचा! पाच घरांपैकी एकानं आज्ञा पाळली तर बाईंना तेवढंच चालावं लागतं, तेवढेच जिने. कायद्यातही फारसा आधार नाही. घरकामगारांना आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार 2011 मध्ये झाला. भारतानं अजून तो स्वीकारलेला नाही. लोखंड्यांना सभा का भरवावी लागली, ते मला त्या लिफ्टपाशी उमगलं.

मग मी बाकीच्या घरांची दारं वाजवायला लागलो. हे काम मला भांड्यांपेक्षा जड गेलं. एका गुजराती आजींनी ऐकून घेतलं आणि लगेच हो म्हटलं, वर चहा पाजला. दुसऱ्या घरी नवरा-बायको दोघं नोकरीवाले. त्यांना रविवार हाच घर आवरायचा दिवस, त्यांचंही खरंच होतं. सुट्टीसाठी त्यांनी मंगळवार दिला होता, तो बदलून घ्यायला दोन महिने गेले. तिसरीकडे एक आढेवेढे घेणारे गृहस्थ होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाल्यावर तेही कबूल झाले.

आता बाई रविवारी एकाच घरी येतात. ते घर आमच्याच चर्चच्या पॅरिशमधलं आहे. बोलणं अजून चालू आहे.