अनुयायी होण्यापूर्वी

अनुयायी या शब्दाला मराठीत मोठी परंपरा आहे. एखाद्या पंथाचे, आचार्यांचे किंवा विचाराचे अनुयायित्व पत्करणे ही आयुष्याला वळण देणारी गोष्ट मानली जात असे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा स्वतंत्र समास लिहिला आणि त्याच्या पाठोपाठ शिष्यलक्षणांचाही लिहिला. ज्याच्या मागे जावयाचे त्याची पारख करावी, तशीच जाणाऱ्याने स्वतःचीही करावी, असा बोध त्या क्रमातून घेता येतो. आज मोबाइलच्या काचेवर अंगठा एकदा टेकला की मनुष्य कोणाचाही अनुयायी होतो. दुपारचा चहा संपेपर्यंत दहा जणांना ‘फॉलो’ करून होते आणि रात्री त्यांतील निम्म्यांची नावेही आठवत नाहीत. क्रिया हलकी झाली, म्हणून तिचा परिणामही हलका झाला काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

हा प्रकार फार जुना नाही. 2004 मध्ये सुरू झालेल्या फेसबुकवर प्रथम मैत्रीचा व्यवहार होता. एकाने हात पुढे करावा व दुसऱ्याने तो स्वीकारावा, तेव्हाच संबंध जुळे. 2006 मध्ये आलेल्या ट्विटरने एकतर्फी अनुसरणाची रीत रूढ केली. ज्याच्या मागे जावयाचे त्याची ओळख असण्याची गरज उरली नाही आणि त्याच्या संमतीचीही नाही. त्यामुळे ग्वाल्हेरच्या एखाद्या वाड्यात बसलेल्या विद्यार्थ्याला जगातील श्रेष्ठ शास्त्रज्ञाचे बोल रोज ऐकता येऊ लागले, ही मोठीच सोय झाली. पण त्याच वाटेने वाचाळांनाही घरात प्रवेश मिळाला.

या गोष्टीचे मर्म ध्यानात येण्यासाठी बडोद्याच्या इतिहासातील एक प्रकरण उपयोगी पडेल. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचावयास शिकलेल्या प्रजेला पुढे वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेलेही विसरले जाईल, हे जाणून त्यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले व ग्रंथालयांची मोठी चळवळ उभारली. तिचाच एक भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. निवडक पुस्तके पेट्यांत भरून त्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात. पेटीत मावणारी पुस्तके मोजकी. म्हणून कोणते ठेवावे व कोणते वगळावे याचा विचार करणारा कोणीतरी असावा लागे, आणि तो विचार वाचकाच्या हितासाठी असे.

आज प्रत्येकाच्या खिशात अशी एक पेटी आहे. ती अर्धी त्याने स्वतः भरलेली असते, कारण कोणाला अनुसरावे हे त्यानेच ठरवलेले असते. उरलेली अर्धी माध्यमाची यंत्रणा भरते. माणूस कोणत्या चित्रावर थांबला, काय पाहून संतापला, कोणती पोस्ट त्याने पुढे धाडली, याची नोंद ठेवून ती यंत्रणा त्याच जातीचा माल त्याच्यापुढे मांडते. तो जितका वेळ गुंतून राहील तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात. एखाद्याला अनुसरणे म्हणजे त्याचे बोलणे ऐकण्याची तयारी दाखवणे तर खरेच. पण अशी आणखी माणसे आणून द्या, असे त्या यंत्रणेला सांगणेही होय.

पेटीला मर्यादा असते, हे मात्र बहुतेक जण विसरतात. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये पोस्टचा काळक्रम बदलून आपल्या हिशेबाने क्रम लावण्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांच्या पाहण्यातून सरासरी 70 टक्के मजकूर निसटत असल्याचे त्या संस्थेनेच सांगितले होते. आठशे जणांना अनुसरणारा मनुष्य आठशे जणांचे ऐकतो, हा भ्रम आहे. त्यांपैकी कोणाचे त्याच्या कानी पडावे हे दुसराच कोणी ठरवतो. साठ जण विचारपूर्वक निवडणारा मनुष्य ती निवड पुष्कळशी स्वतःच्या हाती ठेवतो.

आता निवडीची कसोटी पाहू. इंदूरमधील एक निवृत्त शिक्षक कल्पावेत. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आली आहे, धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे. शेअरबाजारात झटपट नफ्याची वाट दाखवणारा एक तरुण त्यांना मोबाइलवर भेटतो. बोलण्यात मिठास, मागे महागडी मोटार, लाखो अनुयायी आणि नावापुढे निळी खूण. मास्तरांना वाटते, इतके लोक चुकतील कसे? परंतु अनुयायांचा आकडा लोकप्रियतेचे माप आहे. ज्ञानाचे माप वेगळेच असते. निळ्या खुणेचीही गोष्ट तशीच. ट्विटरने 2009 मध्ये ती सुरू केली तेव्हा मनुष्य तोच आहे एवढीच तिची ग्वाही होती. 2022 च्या नोव्हेंबरपासून ती पैसे भरून मिळू लागली. मास्तरांनी पाहावयाचे ते निराळेच. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते व अशा नोंदणीकृत सल्लागारांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. 2024 मध्ये तर सेबीने आपल्याकडे नोंदलेल्या संस्थांना अशा अनधिकृत सल्लेबाजांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. पाच मिनिटांची ही चौकशी मुलीच्या लग्नाची पुंजी वाचवू शकते. हीच रीत मधुमेहावरील औषध सांगणाऱ्या वैद्यालाही लावावी.

दुसरी कसोटी पैशाची. सांगणाऱ्याचे पोट कशावर चालते, हे कळले की त्याच्या बोलण्याचे वजन करणे सोपे जाते. जाहिरात करून पैसे मिळवणे हा गुन्हा नव्हे. ती लपवणे हा मात्र कपटाचा व्यवहार होय. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर तशी स्पष्ट खूण असावी असा दंडक घातला, आणि 2023 मध्ये केंद्र सरकारनेही त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. जो ही खूण न चुकता करतो, तो विश्वासाची पहिली पायरी चढला असे समजावे.

तिसरी कसोटी चूक कबूल करण्याची. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे 1,26,000 वार्तांचा माग त्यात काढला होता. खोटी बातमी खरीपेक्षा अधिक दूर व अधिक वेगाने जाते असे त्यात दिसून आले. 1,500 माणसांपर्यंत पोहोचावयास सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागला. हे स्वयंचलित खात्यांचे कारस्थान म्हणावे, तर तसेही नव्हते. नावीन्याने भुलून माणसेच ते पुढे पाठवत होती. अशा बाजारात जो आपल्या माहितीचे मूळ सांगतो, ठाऊक नसेल तेथे गप्प राहतो आणि चुकल्यास ती चूक सर्वांसमक्ष दुरुस्त करतो, त्याचे मोल फार मोठे. एका विषयातील विद्वान जेव्हा रोज साऱ्याच विषयांवर निर्णय देऊ लागतो, तेव्हा समर्थांनी वर्णिलेल्या पढतमूर्खाची आठवण ठेवावी.

चौथी कसोटी कठीण आहे, कारण ती मनाला रुचत नाही. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा पेटला, बेळगावच्या परिसरात वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांमधील बससेवा विस्कळित झाली. अशा दिवसांत केवळ आपल्याच भाषेतील संतप्त माणसांना अनुसरणाऱ्याला अर्धीच हकिगत कळते, आणि पलीकडच्यालाही तशीच अर्धी. बेळगावात मराठी व कन्नड माणसे एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच बसथांब्यावर उभी राहतात. दुसऱ्या बाजूचा एक तरी समंजस आवाज ज्याच्या पेटीत आहे, तो अफवा पुढे पाठवण्यापूर्वी घटकाभर थांबेल. त्या घटकेत एखादी काच फुटावयाची राहील. मतभेद असणारा माणूस आणि शिवीगाळ करणारा माणूस यांतील भेद मात्र ओळखावा. पहिल्याला स्थान द्यावे, दुसऱ्याला देऊ नये.

नातलगांचा प्रश्न नाजूक असतो. हैदराबादच्या आत्याबाई रोज पहाटे खोट्या औषधांचे उतारे धाडतात, म्हणून त्यांच्याशी संबंध तोडावा काय? तसे करण्याची आवश्यकता नाही. समोरच्याला न कळता त्याच्या पोस्ट नजरेआड ठेवण्याची सोय बहुतेक माध्यमांवर आहे. आत्याबाईंची खुशाली दूरध्वनीवर विचारावी. त्यांच्या हाती असत्य का पडते, हेही त्याच वेळी आदराने बोलता येईल.

निवड एकदा करून भागत नाही. शेतकरी पेरणीनंतर तण काढतो, तशी महिन्या दोन महिन्यांनी यादी चाळावी. एखाद्याचे वाचून झाल्यावर काही नवे कळले काय, एखादे चांगले पुस्तक वा माणूस गवसला काय, की केवळ मत्सर, भीती व चडफड उरली, हे प्रामाणिकपणे पाहावे. स्वतःच्या घरादाराकडे, रूपाकडे व मुलांकडे तुच्छतेने पाहावयास लावणारी चित्रे कितीही देखणी असोत, त्यांना निरोप द्यावा. त्यांच्या जागी आपल्या गावचे वाचनालय, पावसाचा अंदाज देणारे हवामान खाते, दूरच्या नगरात मराठी लिहिणारा एखादा नवा लेखक यांना जागा मिळू शकेल.

बडोद्याची पेटी गावी पोहोचे तेव्हा कोणीतरी शहाण्या माणसाने ती भरलेली असे. आजच्या पेटीचा ग्रंथपाल ज्याचा तोच आहे. शिष्यलक्षणांचा समास आजही वाचावा तो यासाठीच.