नज्र मानली, आता फेडायची कशी?

(घोटी येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



बंधू-भगिनींनो, बारावीचा निकाल, पोलीस भरती, गल्फचा व्हिसा, अम्मीचं ऑपरेशन. आपल्या घरांत मन्नत मानली जाते ती अशाच वेळी. शेजारी नवस बोलतात, आपण मन्नत मानतो. जीव दोघांचाही सारखाच टांगणीला लागलेला असतो. शरिअतमध्ये तिला नज्र म्हणतात. मी आलिम नाही, इंजिनिअर आहे. वाचून-विचारून जे समजलं ते मांडतो. तुमच्या स्वतःच्या प्रकरणात मसला हवा असेल तर मौलानांनाच विचारा.

अनेकांना हे ऐकून नवल वाटतं, की पैगंबरांनी (स.) नज्र मानायला प्रोत्साहन दिलेलं नाही, उलट मना केलं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे. आशय असा: नज्रेने तकदीर टळत नाही, तिच्यामुळे कंजुषाच्या हातून काहीतरी सुटतं एवढंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा दिवस 'जर-तर' लिहिण्यातच जातो. जर नोकरी लागली, तर दहा गरिबांना जेवण. आणि नाही लागली तर? ते दहा जण उपाशीच? कंजुषी आहे ती इथे.

पण एकदा शब्द गेला की ते कर्ज झालं. कुरआनच्या 76 व्या सूरहमध्ये नेक बंद्यांची ओळख सांगताना ते नज्र पुरी करतात, असं आलं आहे. निकाल हाती आला की गरज सरो, वैद्य मरो, हे इथे चालत नाही. महिन्याचे रोजे मानले असतील तर ते ठेवायचे.

मात्र वाटेल ते मानलं आणि ते फेडलंच पाहिजे, असंही नाही. अबू इस्राईल नावाचे एक सहाबी उन्हात उभे होते. बसणार नाही, सावलीत जाणार नाही, बोलणार नाही आणि रोजा ठेवीन, अशी त्यांची नज्र. पैगंबरांनी (स.) सांगितलं की त्याला बसू द्या, सावलीत येऊ द्या, बोलू द्या, रोजा मात्र पुरा करू द्या. म्हणजे इबादत तेवढी ठेवली, शरीराचे हाल वगळले. गुनाहची नज्र तर मुळीच पुरी करायची नाही. आणि नज्र फक्त अल्लाहची. दर्ग्यावर जावं की नाही हा वाद मी इथे काढत नाही, पण वलींच्या नावाने नज्र मानणं 'रद्दुल मुहतार'सारख्या हनफी ग्रंथातही नाजायज ठरवलं आहे.

मक्का फतह झाली त्या दिवशी एकाने सांगितलं, मी बैतुल मुकद्दसमध्ये दोन रकात पढायची नज्र मानली होती. पैगंबर (स.) म्हणाले, इथेच पढ. हनफी मतानुसारही ठरावीक जागेचं बंधन राहत नाही. अजमेरला जाऊन गरिबांना जेवू घालायचं मानलं असेल, तर ते जेवण घोटीतही देता येतं. गाडीभाड्यासाठी कुणाकडे हात पसरायची गरज नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण व्याजाने पैसे काढून देग चढवणारी घरं आपल्यात आहेत. इबादतीसाठी व्याज! मानलेलं पुरं करण्याची ताकदच उरली नसेल तर कफ्फारा आहे, आणि तो कसमेच्या कफ्फाऱ्याइतकाच. सूरह माइदाच्या 89 व्या आयतीप्रमाणे दहा गरिबांना जेवण किंवा कपडे. तेही जमत नसेल तर तीन रोजे. कंटाळा आला म्हणून मात्र ही सवलत नाही.

आणि त्या देगेतलं खातं कोण? हनफी मसल्याप्रमाणे नज्रेचं अन्न गरिबांचा हक्क आहे. मानणाऱ्याने स्वतः, त्याच्या आईवडिलांनी, मुलाबाळांनी आणि मालदारांनी ते खायचं नाही. आपल्याकडे पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी पुढाऱ्यांची. गरीब आला तर तळाची खरड.

आता सवाबाचं. सूरह बकराच्या 261 व्या आयतीत अल्लाहच्या वाटेत खर्च करणाऱ्याला एका दाण्याची उपमा आहे: दाण्यातून सात कणसं, प्रत्येकात शंभर दाणे. सातशे पट! हा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो. पण तीनच आयती पुढे, देऊन उपकार बोलून दाखवणाऱ्याची उपमा आहे: गुळगुळीत कातळावर मातीचा पातळ थर, जोराचा पाऊस आला आणि कातळ उघडा पडला. भाताच्या आणि पावसाच्या या इगतपुरी तालुक्यात दोन्ही उपमा समजावून सांगाव्या लागत नाहीत. रेशनचं पाकीट घेणाऱ्या बाईचा चेहरा स्टेटसला लावणं म्हणजे तोच पाऊस. ॲपवरच्या तस्बीहचा आकडा मित्रांना पाठवणंही मला त्याच्या जवळचंच वाटतं.

शेवटचं एक काम. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांची आई नज्र पुरी होण्याआधी वारली. त्यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनी (स.) आईच्या वतीने ती पुरी करायला सांगितलं. तुम्ही आजारी असताना, परीक्षेला बसला असताना अम्मीने, नानीने काय काय मानलं होतं, ते त्या हयात आहेत तोवर विचारून लिहून घ्या. त्यातलं काय राहिलंय, कुठे रोजे आणि कुठे कफ्फारा, हे मौलानांना दाखवा. प्रश्न असतील तर आता घेऊ, इशाच्या अजानला अजून वेळ आहे.